पायरीवरचे बूट

"बूट! आरं मेल्या, बूट कुटं ठेवलंस? पावनं बांधावर आलं, आन् बूट कुटं हायत?"

तुझी आई ओरडत होती, दामू. काकीचा तो आवाज म्हणजे काय सांगावं! कडावपासून माथेरानच्या पायथ्यापर्यंत जेवढी गुरं चरत होती तेवढ्यांनी माना वर केल्या. काकीनं चुलीमागं बघितलं, माळ्यावर बघितलं, भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, देवाचा पाटसुद्धा उचलून पाहिला. देव बिचारे एका अंगाला कलंडले.

"गोप्या, तू तरी बघ रं! उबा काय ऱ्हायलास ठोंब्यावानी!"

मी बघत होतोच. गोठा झाला, न्हाणी झाली, पेंढ्याची गंजी अर्धी उसकटून झाली. बूट काही सापडले नाहीत. आणि तूही सापडला नाहीस.

काल तुझं तेरावं झालं. आज मी मोहोपाड्याच्या क्वार्टरात बसून तुला हे लिहितोय. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाला कोण लिहितं? पण तू असतानासुद्धा माझं अर्धंच ऐकायचास, आणि त्यातलंही निम्मं खोटं धरून चालायचास. तेव्हा फार फरक पडेल असं नाही. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात येतील. त्या तुझ्यासाठी नाहीत, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आहेत. तुझ्यासाठी आहे ते शेवटी.

बुटांवाचून तुझं लग्न होणार नव्हतं, ही त्या दिवसाची भानगड. आणि बूट का, हे सांगायचं तर शाळेपासून सुरुवात करायला हवी.

आपल्या शाळेत गुरुजी छडी फार मारत नसत. त्यांच्याकडं छडीपेक्षा जालीम शस्त्र होतं. पाढा चुकला की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "नाही ना शिकत? मग इथंच राहशील." सगळा वर्ग पाढे घोकायला लागायचा. इथंच राहशील! आपल्या आयाही शिवी द्यायच्या ती हीच. वाघ खाईल, भूत धरील, असलं काही नाही. इथंच राहशील. म्हणजे गावात राहणं ही आपल्याकडं जन्मठेप होती, आणि मुंबईला किंवा कारखान्याला लागणं ही सुटका. तुला एकदा गुरुजी तसं म्हणाले तेव्हा तू पाटी खाली ठेवलीस आणि शांतपणे विचारलंस, "खरंच, गुरुजी? मग नाय शिकत." गुरुजींच्या हातातला खडू जो पडला तो माझ्या मते अजून घरंगळतोय.

मुंबई जवळ. इतकी जवळ की दोन घासांच्या मधे जाऊन यावं. त्यामुळं आपली फारच पंचाईत झाली. लांबचा मुलूख असता तर लोकांनी नशिबाला बोल लावून इथंच काही उभं केलं असतं. पण इथं प्रत्येक घराचा एक डोळा वाटेवर. जो जातो तो कामाला जातो. जो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाचरात वाकलेला असतो, तो 'घरीच असतो'. मुलगी बघायला कोणी आलं की पहिला प्रश्न, मुलगा कुठं कामाला? आणि शेती करतो म्हटलं की पाहुणा हळूच भावाकडं बघून म्हणायचा, "म्हंजे घरीच असतो." इतकं झालं की चहा गार.

मग मोहोपाड्याला कारखाने आले. गावातनं पहिल्यांदा लागलास तो तू. हौसेनं नाही, काकीनं उपास धरला म्हणून. खाकी कपडे मिळाले, आणि ते बूट मिळाले. काळे, घोट्याच्या वर येणारे, पुढं लोखंडाची टोपी असलेले, नऊ नंबरचे. तू पहिल्यांदा ते घालून वेशीतून आत आलास तेव्हा कुत्री भुंकायची विसरली.

तुला काम काय दिलं? पिंपं ढकलायची. एका शेडमधली पिंपं दुसऱ्या शेडमध्ये न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच पिंपं परत आणायची. मी तर म्हणतो तिसऱ्या दिवशी ती पिंपं आपणहून चालायला लागली असतील. वासानं डोळ्यांतून पाणी यायचं ते निराळंच. लावणीच्या दिवसांत तू एका सकाळी गेटपर्यंत गेलास आणि तिथूनच परत आलास. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "गोपा, इतकं दिस झालं, पन मी एक दाना नाय उगवला."

तेवढंच. साहेबाशी भांडण नाही, राजीनामा नाही. बूट मात्र पायातच राहिले, कारण त्यांचे पैसे पगारातून आधीच कापून घेतले होते.

तुझी रिकामी जागा मी भरली. मुकादमाला नवीन नाव पाठ करायचा कंटाळा. तो मला "ए दामू" अशीच हाक मारायचा, आणि मी ओ द्यायचो. वर्षभर मी तुझ्या नावाला ओ दिली, दामू. माझा पगार, हे क्वार्टर, नळाचं पाणी, पोरींची शाळा, सगळं तू गेटवरून मागं फिरलास म्हणून. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "मग माजा वाटा दे." आणि हसला असतास.

तू शेतावर परत गेलास आणि बूट गावाच्या सेवेत रुजू झाले. आधी तुकाराम आला, हळू आवाजात म्हणाला, "दाम्या, उंद्या मला बगायला येनार हायत. तुजं बूट दे ना. घालनार नाय, नुस्तं पायरीवर ठेवीन." तू दिलेस. पाहुण्यांनी पायरी चढताना बूट पाहिले, काही विचारलंच नाही, आणि मुलगी दिली. मग रांगच लागली. कोणी खोटं बोलत नव्हतं, हां! बूट दारात होते, एवढंच. त्या एका जोडानं आपल्या गावाची जितकी लग्नं लावली तितकी भटजींनी लावली नसतील. भटजी वैतागून म्हणाले होते म्हणे, दक्षिणा त्या बुटांनाच द्या.

किसनची गोष्ट तर तूच माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायचास. किसनचे पाय बारके, बूट नऊचे. पाहुण्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला तो बूट घालूनच निघाला. पोकळ जागेत पेंढा कोंबलेला. वाटेत एक काडी वर आली, मग दुसरी, आणि गाडी येईस्तोवर किसनच्या घोट्याभोवती अशी गंजी रचली की एक बैल वास घेत मागं लागला. सासरा गाडीत चढला, वळला आणि म्हणाला, "पेंढा चांगला हाय तुमचा." मुलगी त्यानंही दिली. सासरे काही दूधखुळे नव्हते. त्यांच्या गावातही असाच कुठला तरी जोड फिरत असणार. पण पायरीवर बूट दिसले की त्यांना भावकीत सांगायला तोंड राहायचं.

लग्नं झाली की नवऱ्यांच्या नोकऱ्या 'सुटायच्या'. आपल्या एवढ्याशा गावातल्या जितक्या नोकऱ्या सुटल्या, तितक्या मुंबईच्या सगळ्या गिरण्यांत मिळून नसतील.

तू बूट कोणाला नाही म्हटलं नाहीस. पण पुसूनही दिले नाहीस.

आणि मग तुझी पाळी आली. मुलगी खालापूरकडची, चौक गावाच्या बाजूची. तिची आत्या तुझ्या घरासमोरच दिलेली, म्हणून मुलगी दोन दिवस आधीच आत्याकडं राहायला आलेली. बाप आणि चुलता त्या दिवशी घर बघायला येणार होते. मधे मी. मी बापाला आधीच सांगून ठेवलेलं की मुलाचं मोहोपाड्याला असं वजन आहे की त्याच्याशिवाय कारखान्याचा भोंगा वाजत नाही, वाजला तरी बेसूर वाजतो.

आणि पायरीवर बूट नाहीत.

पाहुणे येऊन ओटीवर बसले. बापानं छत्री कोपऱ्यात ठेवली, टोपी काढली, पायरीकडं बघितलं, टोपी पुन्हा घातली. काकी आतून माझ्याकडं अशी बघत होती की माझ्या शर्टाला भोक पडलं. तेवढ्यात तू परड्यातून आलास. गुडघ्यापर्यंत चिखल, दंडावर चिखल, कानालासुद्धा चिखल. माघाचा महिना. सगळा मुलूख कोरडा ठणठणीत. चिखल मिळवायचा म्हटलं तर फक्त कालव्याखालच्या तुझ्या खाचरात मिळायचा, आणि तू तो सगळाच घेऊन आला होतास.

"कुटं कामाला?" बापानं विचारलं.

"हितंच."

"हितं म्हंजे?"

"कालव्याखाली. उनाळी भात लावतोय. तुमी येनार म्हनून वर आलो."

"म्हंजे घरीच असतो."

"घरी आय थांबू नाय देत," तू म्हणालास. "शेतावर असतो."

मी मोठ्यानं हसलो. एकटाच. पाहुण्यांनी चहाला हात लावला नाही. छत्री उचलली आणि निघाले.

मी धावलो त्यांच्या मागं! बांधावरून, ढेकळांतून, एस.टी.च्या थांब्यापर्यंत. मुलगा रजेवर आहे म्हटलं. साहेब रोज माणूस पाठवतो म्हटलं. बूट दुरुस्तीला पनवेलला गेलेत, ते बूट साधा चांभार शिवूच शकत नाही म्हटलं. दोघं चालतच राहिले. गाडी आली, चढले, गेले.

मी परत आलो तर तू परड्यात हात धूत होतास. "काय गरज होती रं?" मी ओरडलो. तू मानेनं खुराड्याकडं दाखवलंस. डाव्या बुटात कोंबडी बसली होती. उजव्यात अंडी.

"आता कुटं ते कामाला लागलं," तू म्हणालास.

थोड्याच दिवसांत समोरच्या आत्यानं निरोप आणला, मुलगी दिली. काकीनं मला मिठीच मारली. आणि मी त्या दिवसापासून छाती काढून सांगत आलो की दामूचं लग्न माझ्या जिभेवर झालं. दर लग्नात, दर बारशाला सांगितलं. सांगता सांगता त्यात जीप आली, मग जीपमध्ये साहेब आला, मग साहेबाची बाई फुलांचा हार घेऊन आली. तू ऐकून हसायचास. यमुनावैनी भात वाढायची आणि म्हणायची, "भावोजी, ताक घ्या." ती कधी काही बोलली नाही.

पण आपलं भांडण मिटलं नाही. मी रविवारी गावात यायचो, तुझ्या ओटीवर बसायचो आणि सुरू व्हायचो. काय आहे इथं, दामू? एक दवाखाना नाही. डॉक्टर हवा तर खाटेवर घालून कर्जतला न्या. शिकलेला पोरगा परत येत नाही. पिकलं तर भाव नाही, भाव आला तर पिकलेलं नाही. आणि तुझं उन्हाळी भात तरी कशावर? भिवपुरीच्या वीजघरात मुंबईसाठी वीज करतात आणि वापरून झालेलं पाणी खाली सोडतात. मुंबईचं उष्टं पाणी! मुंबईनं दिवे लावले तर तुझा कालवा वाहणार.

तू बिडी विझवायचास आणि म्हणायचास, "बराबर. पानी भिवपुरीला डूटी करून मग माज्याकडं येतं. तेच येतंय, तर मी कशाला जाऊ?"

याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही. आणि ते सुचलं तर आता ते कुठं नेऊन द्यायचं?

मी हरलो असं नाही, हां. तुझ्या मधल्या पोरीला ताप चढला होता तेव्हा कॉलनीच्या दवाखान्यात मीच नेलं, माझ्या कार्डावर. तेव्हा तू बाकावर बसून जमिनीकडं बघत होतास. मी त्या दिवशी भांडलो नाही. चालून आलेला डाव होता, सोडून दिला. घरी येताना तूच म्हणालास, "बोल ना रं. हितं काय नाय, ते मला बी ठावं हाय. पन जे नाय ते बी माजं हाय." हे बोलणं मला तेव्हा वेड्यासारखं वाटलं. आता कारखान्यातून सुटून येताना, पिंपांच्या रांगेपाशी, ते आठवतं आणि मी उगाच थांबतो. मी इतकी वर्षं जिथं आहे तिथलं काय माझं आहे, हे सांगायला गेलो तर एक थापही सुचत नाही. आणि मला थाप सुचत नाही म्हणजे बघ.

गेल्या महिन्यात तू क्वार्टरवर आलास. न सांगता. पिशवीत नवे तांदूळ. खुर्चीच्या कडेवर बसलास, जसा सरकारी कचेरीत बसावा. चहा संपला, पोरींची चौकशी संपली, कोंबड्यांचीसुद्धा संपली. मग म्हणालास, "गोपा, तुजं जुनं बूट हायत का रं?"

मी हसलो. "कोंबड्या वाढल्या का?"

तू हसला नाहीस. "आमच्या रम्यासाटी. त्याला बगायला आलं व्हतं. कुटं कामाला म्हनून इचारलं. तो म्हनला बापासंगती शेतावर. तर म्हनं, घरीच असतो. उटून गेलं. आता दुसरं येनार हायत." आणि म्हणालास, "पायरीवर ठेवीन म्हनतो."

दामू, या एका क्षणाची मी पंचवीस वर्षं वाट बघत होतो. 'सांगत होतो ना' एवढे तीन शब्द जिभेच्या टोकावर ठेवून मी म्हातारा झालो. आणि ते बाहेर पडेनात. माझ्यासमोर खुराड्यात बूट फेकणारा माणूस बसला होता, आणि तो बूट मागत होता. स्वतःसाठी असते तर तू मेला असतास पण मागितले नसतेस. पोराचं लग्न अडलं होतं. तिथं तू वाकलास.

"बुटाचं काय घेऊन बसलास," मी म्हटलं. "पोराला कामालाच लावतो. साहेबाशी बोलतो."

"नको. त्याला नाय जायाचं." मग खाली बघून म्हणालास, "मला बी नको वाटतं. नुस्तं बूट दे."

पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हटलं. तुला बसस्टँडवर सोडलं. गाडी सुटताना मला ओरडून सांगायचं होतं की तू तेव्हा बूट लपवलेस ते बरोबर केलंस, आताही लपव. पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि मी आपला हात हलवला. बूट मी पॉलिश केले. असे चकाकले की त्यात बघून दाढी करावी. रविवार यायच्या आधी निरोप आला.

काल सगळं आटोपल्यावर, पंगती उठल्यावर, मी पिशवी घेऊन तुझ्या ओटीवर गेलो. यमुनावैनी भिंतीला टेकून बसली होती. रमेश मागं गुरांना पाणी पाजत होता. त्याच्या सोयरिकीचे पाहुणे महिना उलटला की येणार आहेत, तसा निरोप आहे. मी बूट काढून तिच्यापुढं ठेवले.

"वैनी, दामूनं मागितले होते. पाहुणे येतील तेव्हा पायरीवर ठेव."

तिनं बुटांकडं बघितलं. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझ्या वेळेला नव्हते तर केवढी पंचाईत झाली! मी नसतो तर तुझा बाप…" आणि मी सुरू झालो. रडू येत होतं म्हणून जास्तच जोरात सुरू झालो. बांधावरून धावलो ते सांगितलं, पनवेलचा चांभार सांगितला, भोंगा सांगितला. जीप आली. साहेब खाली उतरला. तिनं मला साहेबाच्या बाईच्या हारापर्यंत जाऊ दिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"बाबांना मी सांगितलं, हो म्हना म्हनून," ती म्हणाली. "आत्याच्या पडवीतनं मी सगळं बगत व्हते."

"आणि पायरीवर बूट नव्हते, ते नाही दिसलं?"

"पायरीकडं कोन बगतंय, भावोजी? गुडघ्यापोत्तर चिखल व्हता. मला वाटलं, कामावरनं आलेत."